बटण कुणी दाबले?

दुरून दिवा लावण्यात आता कुणाला नवल वाटत नाही. एसीला रिमोट असतोच, पंख्यालाही आला, आणि टीव्ही-सेटटॉप बॉक्सचे दोन-तीन रिमोट घरोघरी टीपॉयवर पडलेले असतात. मग साध्या ट्यूबसाठी, जुन्या पंख्यासाठी अवरक्त किरणांवर चालणारा स्विच आपल्या हाताने का बनवायचा? आणि बनवायचाच तर त्यासाठी अख्खे पुस्तक कशाला? सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतात. सर्किटच्या आकृत्यांनाही तोटा नाही. बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला अकरावीचा विद्यार्थी संध्याकाळभरात टेबलावर रिले टकटक करून दाखवतो.

त्या टकटकीपाशी बहुतेक आकृत्या संपतात आणि हे पुस्तक तिथून सुरू होते. टेबलावर चालणारी वस्तू भिंतीतल्या बोर्डात गेली की तिला उन्हात, ट्यूबच्या उजेडात, टीव्हीच्या रिमोटसमोर, गेलेल्या आणि आलेल्या लाईटमध्ये, लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहायचे असते. आज्ञा मिळताच दिवा लावणे हा तिच्या कामाचा सोपा भाग आहे. आज्ञा नसताना तो न लागू देणे हा अवघड भाग. रिमोट स्विचचे सगळे शहाणपण तो कशाला दाद देत नाही यात असते, आणि पुस्तकाची प्रकरणे त्याच क्रमाने लावलेली आहेत.

इतिहासही हेच सांगतो. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युतलहरी भिंतींतून पार नेल्या, दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी तारेवाचून चालणारी छोटी बोट पाण्यावर फिरवून दाखवली. तारेशिवाय दुरून आज्ञा देणे एकोणिसाव्या शतकातच साधले होते. तरी ते घराघरांत पोहोचायला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गेला. प्रयोगाच्या सभागृहात आज्ञा देणारा एकच असतो. घरात मात्र आज्ञेसारखे दिसणारे पुष्कळ काही सतत चालू असते.

अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीला याचा अनुभव लागोपाठ दोनदा आला. १९५५ मध्ये तिथले अभियंते युजीन पॉली यांनी फ्लॅश-मॅटिक हा बिनतारी रिमोट आणला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार सेल बसवलेले होते, आणि हातातल्या बॅटरीचा झोत ज्या कोपऱ्यावर मारावा ते काम होई. पण खिडकीतून येणारे ऊनसुद्धा त्या कोपऱ्यांवर पडे आणि टीव्ही आपल्या मनाने चॅनेल बदलू लागे. दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी स्पेस कमांड आणला. त्यात बॅटरीसुद्धा नव्हती. बटण दाबले की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा श्राव्यातीत आवाज निघे. रेडिओलहरी वापराव्यात असाही विचार झाला होता. पण त्या भिंत ओलांडतात, म्हणजे एका घरातल्या बटणावर शेजारचा टीव्ही चालला असता. म्हणून आवाज निवडला. तरी किल्ल्यांचा जुडगा वाजला की कधी कधी तोही टीव्हीला आज्ञेसारखा वाटे. अवरक्त किरणांनी हे आवाजाचे रिमोट मागे सारले ते १९८० च्या सुमारास. पॉली आणि ॲडलर या दोघांच्याही पुढे एकच प्रश्न उभा होता: बटण माणसाने दाबले की आणखी कशाने?

अवरक्त किरणांची ओळख त्याहून कितीतरी जुनी. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि रंगांच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. आपल्या रिमोटच्या टोकाला असलेला एलईडी याच प्रदेशात, साधारण ९४० नॅनोमीटरला प्रकाशतो. हा किरण भिंत ओलांडत नाही. वरवर ही उणीव वाटते, पण घरातल्या स्विचसाठी तो मोठाच गुण आहे. शेजारच्या ब्लॉकमधल्या रिमोटची आपल्याला धास्ती नाही आणि आपल्या रिमोटची त्यांना नाही. बंद दाराआडच्या खोलीचा कारभार त्या खोलीतच राहतो.

प्रश्न खोलीच्या आतला आहे. अवरक्त किरण उन्हात भरपूर असतात, पिवळ्या बल्बमध्ये असतात, मेणबत्तीतही असतात. या गर्दीत रिमोटचा किरण ओळखायचा कसा? त्यासाठी रिमोट आपला किरण सेकंदाला ३८ हजार वेळा चालू-बंद करतो. ऊन एकसारखे पडते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवरचा बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. ३८ हजारांचा ठेका धरणारे निसर्गात काही नाही. टीएसओपी १७३८ या तीन पायांच्या काळ्या रिसीव्हरमध्ये प्रकाश टिपणारा डायोड, तो ठेका वेगळा काढणारा फिल्टर आणि संकेत सोलून देणारे सर्किट एकत्र भरलेले असते. त्याचे काळे प्लास्टिकसुद्धा बिनकामाचे नाही, ते डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवते.

या रिसीव्हरचा एक स्वभाव नव्या मुलांना हमखास चकवतो. ५५५ या टायमर आयसीवर ३८ किलोहर्ट्झचा अखंड ठेका बनवून ते रिसीव्हरसमोर धरतात. क्षणभर प्रतिसाद येतो आणि मग रिसीव्हर गप्प होतो. आयसी गेला असे समजून नवा आणला जातो, तोही गप्प होतो. खरे तर तो बरोबर वागत असतो. इलेक्ट्रॉनिक चोक असलेल्या ट्यूब आणि सीएफएल याच पट्ट्यात एकसारखी कुरकुर करतात. म्हणून अखंड चालणारा ठेका हा गोंगाट समजून त्याकडे कान बंद करायचे, असे या रिसीव्हरला बनवतानाच शिकवलेले आहे. त्याला तुकड्यातुकड्यांनी, मध्ये श्वास सोडून बोलावे लागते. नकार देणे हे त्याचे काम आहे आणि ते तो चोख करतो.

दुसरा चकवा मोजणीचा. रिसीव्हरचा आउटपुट थेट फ्लिप-फ्लॉपला द्यायचा, म्हणजे एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद, ही कल्पना कागदावर सुरेख दिसते. पण एकदा बटण दाबले म्हणजे एकच ठोका गेला असे होत नाही. बाजारातल्या पुष्कळ रिमोटांत एनईसी पद्धत असते. तिच्यात सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा एक लांब ठोका, त्यानंतर ४.५ मिलिसेकंदांची शांतता, मग ३२ बिट्सचे ३२ छोटे ठोके आणि शेवटी एक समारोपाचा. एकूण झाले ३४. बटण दाबून धरले तर दर १०८ मिलिसेकंदांनी आणखी दोन-दोन ठोके येत राहतात. हे सगळे आकडे सम आहेत. म्हणजे फ्लिप-फ्लॉपने प्रत्येक ठोका इमानाने मोजला तर दिवा अखेरीस होता तसाच राहील! प्रत्यक्षात एखादा ठोका हुकतो, एखादा जास्तीचा लागतो, आणि दिवा कधी ऐकतो, कधी ऐकत नाही. सर्किट लहरी आहे असे वाटते, पण ते फक्त हिशेब करत असते.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे मध्ये ५५५ चा एकठोकी टायमर घालणे. पहिला ठोका आला की तो सुमारे एक सेकंद दार लावून घेतो आणि त्या सेकंदातल्या बाकी ठोक्यांना आत येऊ देत नाही. १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की हा वेळ १.१ सेकंद येतो. हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ मध्ये आखलेला हा आयसी अर्धशतकानंतरही काही रुपयांत मिळतो, आणि या कामात त्याच्याइतका समजायला सोपा दुसरा भाग नाही. पुस्तकातले पहिले पूर्ण सर्किट त्याच्यावरच आहे: रिसीव्हर, ५५५, सीडी ४०१७ हा काउंटर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि रिले.

पण ते तिथेच थांबवून भिंतीत बसवू नये. या सर्किटला ठेका ओळखता येतो, आज्ञा ओळखता येत नाही. टीव्हीचा आवाज वाढवला तरी पंखा बंद पडेल, एसीचे तापमान बदलले तरी दिवा लागेल. एसटीचा ड्रायव्हर घंटी वाजली एवढ्यावर गाडी हलवत नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हा संकेत तो ऐकतो. आपल्या स्विचलाही घंटीतला संकेत ऐकता आला पाहिजे. एनईसी पद्धतीत ३२ बिट्सपैकी पहिला भाग पत्ता असतो आणि दुसरा आज्ञा. दोन्ही एकदा सरळ आणि एकदा उलटे करून पाठवले जातात. सरळ आणि उलटे जुळले नाही तर संकेत वाटेत खराब झाला असे समजून टाकून द्यायचा. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत तर एक बिट फक्त एवढ्यासाठी राखलेला असतो, की माणसाने बटण दाबून धरले आहे की सोडून पुन्हा दाबले आहे हे कळावे. टीव्हीवाल्या कंपन्यांनी या बारकाव्यांवर इतका विचार केला, कारण त्यांनाही झेनिथचाच प्रश्न सोडवायचा होता.

एवढी ओळख पटवायला सुटे आयसी पुरत नाहीत, मायक्रोकंट्रोलर लागतो. पुस्तकाचा मधला भाग एटमेगा ३२८पी वापरून, आर्डुइनोच्या सोयीने लिहिलेला आहे. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या या फलकाने आपल्या तालुक्याच्या गावांतल्या कॉलेजांतही इलेक्ट्रॉनिक्सची भीती बरीच कमी केली. तयार लायब्ररी वापरून चार ओळींत काम होते आणि ते करायला हरकत नाही. तरी एकदा तरी ठोक्यांची लांबी स्वतः मोजून, कागदावर ० आणि १ लिहून आपल्या रिमोटचा पत्ता हाताने काढावा, असा माझा आग्रह आहे. पुढे बिघाड शोधताना तोच कागद कामी येतो. रिमोट मेला आहे की रिसीव्हर, हे पाहायचे असेल तर मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या टोकावर धरावा. बहुतेक कॅमेऱ्यांत एलईडी जांभळट लुकलुकताना दिसतो.

आता लाईट जाण्या-येण्याचा प्रश्न. भारनियमनाची वर्षे ज्यांनी पाहिली त्यांना हे समजावून सांगायला नको. दुपारी लाईट गेली, घरातली मंडळी बाहेर पडली, संध्याकाळी लाईट आली. त्या क्षणी आपला स्विच काय करेल? साध्या फ्लिप-फ्लॉपला याचे उत्तर माहीत नसते, जागा होताना तो कोणत्याही अवस्थेत जागा होतो. रात्रीचा पंखा पुन्हा सुरू झाला तर बरेच. पण कपड्यावर ठेवलेली इस्त्री सुरू झाली तर? म्हणून प्रत्येक उपकरणासाठी हा निर्णय आधी, शांत डोक्याने घ्यायचा असतो. उष्णता देणारे काहीही असो, लाईट आल्यावर ते बंदच राहिले पाहिजे. पंख्याला मागची अवस्था आठवायला हरकत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या ईईप्रॉममध्ये ती नोंदवून ठेवता येते, आणि तिथे एक लाख वेळा लिहिण्याची हमी असल्याने घरगुती वापरात ती संपण्याची चिंता नाही.

यापुढचा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि आकृत्यांत तो क्वचितच दिसतो. भिंतीवरच्या मूळ बटणाचे काय करायचे? रिमोट सोफ्याखाली गेला, सेल संपले, रिले बिघडला, तेव्हा घर अंधारात बसणार का? इथे दोन वाटा आहेत. पहिली वाट प्रत्येक वायरमनला पाठ असते. जिन्याचा दिवा वरून आणि खालून लावता येतो, तो दोन टू-वे स्विचांमुळे. रिलेलासुद्धा तीन कॉन्टॅक्ट असतात, म्हणजे तो स्वतःच एक टू-वे स्विच आहे. भिंतीवरचे साधे बटण काढून टू-वे बसवले आणि त्याची जोडी रिलेशी लावली की हात आणि रिमोट यांना सारखाच हक्क मिळतो. सर्किट मेले तरी बटण चालते. दिवा आणि पंखा यांना ही जोडणी उत्तम.

पण याच जोडणीत एक खोच आहे. रिले सुटलेला आहे म्हणजे दिवा बंद आहे, असे आता म्हणता येत नाही, कारण ते भिंतीवरचे बटण कोणत्या बाजूला आहे यावर ठरते. लाईट आल्यावर उपकरण बंदच राहावे ही हमी त्यामुळे गेली. म्हणून जिथे धोका आहे तिथे दुसरी वाट घ्यायची. भिंतीवरचे बटण आणि रिले एकामागोमाग, एकाच फेजच्या तारेत. दोघांनी होकार दिला तरच वीज पुढे जाईल आणि हाताने बंद केलेले रिमोटला चालू करता येणार नाही. पहिल्या वाटेत हाताला समान मत मिळते, दुसऱ्या वाटेत हाताला नकाराधिकार मिळतो. कोणत्या उपकरणाला कोणती वाट, हे ठरवण्यासाठी एक अख्खे प्रकरण दिले आहे. ते वाचल्याशिवाय बोर्डाचा स्क्रू सोडवू नये.

हा स्विच कशासाठी नाही, तेही सांगायला हवे. बाजारात सहज मिळणाऱ्या छोट्या रिलेवर ७ अँपिअर लिहिलेले असते. २३० व्होल्टला ७५ वॉटचा पंखा साधारण ०.३३ अँपिअर घेतो, १००० वॉटची इस्त्री ४.३, आणि २००० वॉटचा गिझर ८.७. गिझर इथेच बाद झाला. पाण्याचा पंप वॉटमध्ये लहान दिसला तरी सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो आणि रिलेचे पॉइंट चिकटवतो. चिकटलेला रिले म्हणजे कधीच बंद न होणारा स्विच. पंपाला कॉन्टॅक्टर लागतो, आणि पंप गच्चीत किंवा विहिरीवर असल्याने अवरक्त किरणाच्या नजरेतही नसतो. रिलेऐवजी ट्रायॅक घ्यावा असे काहींना वाटेल. आवाज नाही, पॉइंट झिजत नाहीत, हे खरे. पण त्याच्यावर जोडलेल्या रक्षक कपॅसिटरमधून बारीकसा प्रवाह वाहत राहतो आणि ‘बंद’ केलेला एलईडी दिवा रात्री मिणमिणतो. त्याची कारणे आणि उपाय दिले आहेत, पण पहिला स्विच रिलेवरच करावा.

विजेची बचत हाही या स्विचचा मोठा गुण नव्हे. तो चोवीस तास जागा असतो, नाहीतर आज्ञा ऐकणार कशी? त्याने अर्धा वॉट जरी खाल्ला तरी वर्षाला सुमारे ४.४ युनिट होतात. ९ वॉटचा दिवा रोज दोन तास विसरून चालू राहिला तर वर्षाला साडेसहा युनिट जातात. फायदा आहे, पण नावापुरता. नवा पंखा घ्यायचाच असेल तर रिमोटसकट येणारा बीएलडीसी पंखा घ्यावा. जुना पंखा ७५ वॉट घेतो तिथे तो तीसेक वॉटमध्ये भागवतो.

मग हा स्विच हवा कुणाला? ज्याला उठून बटणापर्यंत जाता येत नाही त्याला. अर्धांगवायू झालेला माणूस, गुडघे गेलेल्या आजी, प्लॅस्टर घातलेला पाय, व्हीलचेअरवरून हात न पोहोचणारा उंच बोर्ड. धडधाकट माणसाला रिमोट ही चैन आहे. अशांना मात्र रात्री कुणाला हाक न मारता स्वतः दिवा लावता येणे हा सन्मानाचा प्रश्न असतो. म्हणून पुस्तकातल्या रिमोटला दोनच मोठी बटणे आहेत, एक चालू आणि एक बंद. एकाच बटणाने उलटसुलट करण्यापेक्षा हे बरे, कारण घाबरलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या माणसाला ‘चालू’ दाबल्यावर चालूच होईल एवढा भरवसा लागतो; टू-वे जोडणीत मात्र त्यासाठी भिंतीवरचे बटण ठरलेल्या बाजूलाच ठेवावे लागते.

शेवटी, २३० व्होल्टविषयी. पुस्तकाचे पहिले दोन भाग पूर्णपणे ५ व्होल्टवर आहेत आणि तिथे दिव्याच्या जागी एलईडी आहे. तिसऱ्या भागात घराची वीज येते आणि तो भाग परवानाधारक वायरमनला शेजारी घेऊनच करायचा आहे. ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठी कपॅसिटरवरून थेट मेनमधून ५ व्होल्ट काढायची आकृती सर्वत्र मिळते. ती इथे मुद्दाम दिलेली नाही. तिच्यात सगळे सर्किट फेजशी जोडलेले राहते, आणि रिसीव्हर तर बोर्डाच्या बाहेर, बोट लागेल अशा जागी डोकावत असतो. बीआयएस नोंदणीचा क्रमांक असलेला ५ व्होल्टचा अडॅप्टर वापरावा. छापील बोर्डावर मेनच्या आणि ५ व्होल्टच्या पट्ट्यांत निदान ६ मिलिमीटर अंतर ठेवावे. रिले नेहमी फेज तोडेल असाच जोडावा, न्यूट्रल तोडणारा नव्हे, नाहीतर पंखा थांबलेला दिसेल आणि आत वीज खेळत राहील. बोर्डात न्यूट्रल आहे की नाही हे आधी पाहावे. अनेक जुन्या घरांत स्विचच्या पेटीत फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी तार असते. अशा वेळी काही जण हिरव्या अर्थिंगच्या तारेवरून सर्किट चालवतात. तसे करू नये. अर्थिंग माणसाला वाचवण्यासाठी असते, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर असा वळवलेला प्रवाह त्याला गळती वाटतो आणि आज ना उद्या तो सगळ्या घराची लाईट पाडतो.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तपासणीची यादी आहे. तिच्यातला पहिला भाग ‘काय व्हायला हवे’ असा आहे आणि दुसरा ‘काय होता कामा नये’ असा. दुसरा भाग मुद्दाम लांब ठेवला आहे: टीव्हीचा रिमोट दाबून पाहा, उन्हात ठेवून पाहा, सीएफएलखाली धरून पाहा, लाईट घालवून आणून पाहा, रिमोटचे सेल काढून भिंतीवरच्या बटणाने दिवा लावून पाहा. तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढे खूण होईपर्यंत स्विच टेबलावरच राहू द्या. घाई करण्याचे कारण नाही, भिंतीवरचे जुने बटण तोवर चालू आहेच.